पुतळी पान्हा चोरते

दुपारी एक ते तीन आमच्या कॉलेजचा गोठा जागा नसतो आणि झोपलेलाही नसतो. चाळीस गायी बसून रवंथ करत असतात. छताच्या नळ्यांतून पाण्याचा फवारा धुक्यासारखा खाली उतरतो, मुरवलेल्या चाऱ्याचा, मुरघासाचा, आंबूस वास त्यात मिसळतो, आणि चाळीस जबडे आपापल्या संथ लयीत हलत राहतात. त्या आवाजात दहा मिनिटं बसलं की आपलंच वजन आपल्याला लागेनासं होतं. मी तिथं अभ्यास केलाय, डबा खाल्लाय, घरची आठवण काढून रडलेय. आणि तिथंच, पुतळी नावाच्या देवणी गायीच्या पाठीला पाठ लावून, एका निर्दोष माणसाला कॉलेजातून काढावं म्हणून कागदावर सही केलीय.

मी शर्वरी लोमटे. देवळखेड पशुवैद्यक महाविद्यालय, दुसरं वर्ष, रोल नंबर एक्केचाळीस.

रोल नंबर सांगितला, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडं मुलींचे नंबर एकतीसपासून लागतात, आणि प्रत्येक नव्या पोरीला तिच्याच नंबरची, एक वर्ष पुढची पोरगी 'ताई' म्हणून मिळते. ताई तुम्हाला हाडांची पेटी देते, जुनी जर्नलं देते, कुठला मास्तर कशावर चिडतो ते सांगते, ताप आला तर उशाशी बसते. बदल्यात तुम्ही तिच्या होता. कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, ते ती ठरवते. तिची जर्नलं तुम्ही लिहायची. आधीच्या सगळ्या एक्केचाळिसांची नावं गावासकट पाठ करायची, एकोणीस नावं, एका दमात. याला आम्ही घराणं म्हणतो. रॅगिंग म्हणत नाही. रॅगिंग म्हणजे पोरांच्या हॉस्टेलात चालतं ते, शर्ट काढायला लावणं, उठाबशा, शिव्या. आमचं आपलं प्रेम.

तसं कागदावर आमच्याकडं रॅगिंग नव्हतंच. दर जुलैत सगळे मोबाईलवर शपथपत्र भरतात, न वाचता. तक्रारपेटी डीनच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली टांगलेली. दर्शनी भिंतीवर फलक: 'सलग अकरा वर्षे शून्य तक्रारी'. सहाशे पोरं आणि अकरा वर्षांत एक तक्रार नाही! तिथं एक तर सगळी देवमाणसं असतात, नाही तर सगळ्यांची तोंडं दाबलेली असतात. देवमाणूस मला तरी एकही भेटला नाही.

मी पहिल्या वर्षात असताना गायींच्या गळ्यात बांधायची यंत्रं, गळपट्टे, आले.

माणूस घाबरला की त्याचा घाम बदलतो. पळून आलेला घाम वेगळा, भीतीनं फुटलेला वेगळा. आपल्या नाकाला तो फरक कळत नाही. गायीला कळतो. तिच्या टाळूत वासाचं एक जादा इंद्रिय असतं. मान वर करून, वरचा ओठ उचलून ती हवा तिथं ओढून घेते. आपल्याला वाटतं हसतेय. भीतीचा वास पोचला की तिच्याही अंगात अॅड्रेनलिन चढतं, आणि कासेत दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनची वाट अडते. गाय पान्हा चोरते. धार काढणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

गळपट्टा मुळात गायीचं दुखणंखुपणं ओळखायला निघालेला. जबड्याचा आवाज ऐकून रवंथ मोजायचा, नाडी मोजायची. पण आकडे तपासणाऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की ऊन, वैरण, माज, आजार हे सगळं वजा केलं तरी काहीतरी शिल्लक राहतंय, आणि ते गोठ्यातल्या माणसांशी जुळतंय. आमच्या ओळखपत्रात चिप असतेच. कोण कुठं उभं आहे ते टॅबच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसतं. गायी आणि ठिपके जोडले, आणि यंत्र सांगू लागलं: हा विद्यार्थी भीतीत आहे. अमका जवळ आला की भीती वाढते. तोंड न उघडता तक्रार. विद्यापीठानं त्याला 'निर्भय' नाव दिलं, आणि पहिल्यांदा बसवायला आमचं कॉलेज निवडलं. नोंदी ठेवायचं काम मला मिळालं. पहिले सहा आठवडे मी जवळजवळ गोठ्यातच राहिले. आयुष्यात मला आपण काही चांगलं करतोय असं वाटलेले तेच दिवस.

पुढच्या वर्षी माझी एक्केचाळीस आली. रेणुका वाघमोडे. मेंढपाळाची पोरगी, बारीक, सावळी, मेंढरांत वाढलेली. जनावराला हात कसा लावायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला ती पाहताक्षणी आवडली. तिच्यासाठी मी मेसमधली दह्याची वाटी राखून ठेवायचे. तिच्या केसांना तेल लावून द्यायचे. आणि मंगळवारी, शुक्रवारी सकाळच्या धारेला आमची दोघींची पाळी लागली की ती पुतळीच्या कासेशी बसायची, मी मागं उभी राहायचे आणि म्हणायचे, "हं, म्हण. पहिली एक्केचाळीस?"

ती म्हणायला लागायची. नवव्या-दहाव्या नावाशी अडखळायची. चुकली की त्या रविवारी फोन माझ्या पेटीत. बस, एवढंच. मधुराताईनं, म्हणजे माझ्या ताईनं, मला दीड महिना घरी बोलू दिलं नव्हतं. मी फक्त रविवार काढून घ्यायचे. मला वाटायचं, मी केवढी मऊ.

ऑक्टोबरात यंत्रानं लाल खूण दाखवली. 'रेणुका वाघमोडे. भीती, तीव्र. मंगळवार व शुक्रवार, सकाळ. कारण: आकेश काळे, शक्यता एकाहत्तर टक्के.'

आकेश काळे शेवटच्या वर्षाचा. गोठ्याला लागून गायी विण्याची शेड आहे, तिथं त्याची सकाळ-संध्याकाळ ड्युटी. उंच, अबोल. पालावर वाढलेला, त्याच्या वस्तीतून कॉलेजची पायरी चढलेला पहिला. आमच्याकडं कुणाचं घड्याळ हरवलं की पहिली मान त्याच्या दिशेनं वळायची. कुणी काही बोलायचं नाही. मान मात्र वळायची. माझीही वळली. माझ्या पोरीला हा त्रास देतो? माझ्या?

यंत्राच्या निष्कर्षाखाली एका माणसाची सही लागते. मी ती केली, आणि वर चार ओळीही लिहिल्या, की मी त्याला रेणुकाजवळ घुटमळताना पाहिलंय. पाहिलं होतं का? उभा असलेला पाहिला होता. घुटमळताना हा शब्द माझा.

डीन डॉ. हंगरगे यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "शाब्बास. आणि काळजी करू नको, यंत्रानं पकडलं म्हणजे ती तक्रार धरत नाहीत. फलक तसाच राहील."

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, समितीची बैठक ठरली. आकेशला शेवटच्या परीक्षेआधी काढून टाकणार हे चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

मधल्या काळात मी तापानं फणफणले आणि दहा दिवस घरी जाऊन राहिले; रेणुकाचा फोन माझ्या पेटीतच कुलपात राहून गेला. परत आले तो बैठकीच्या आठवड्यातला मंगळवार होता. ऊन कोवळं, गोठ्यातनं वाफ निघत होती. नेहमीसारखी रेणुकाच्या मागं उभी राहून मी सकाळची धार नुकतीच उरकून घेतली होती. कौसाबाई, म्हणजे वीस वर्षं इथं धार काढणाऱ्या मावशी, बादल्या विसळत होत्या.

"आलीस का गं बाई? पार वाळून गेलीस की."

"पुतळी कशीय मावशी?"

"तिला काय धाड भरलीय? तू नव्हतीस तर बादली भरभरून द्यायली. त्या धनगराच्या पोरीच्या हातानं! पोरगी कासंखाली बसली की गुणगुणायली, आन् ही सोडायली. आज बग मातर. निस्ता फेस."

मी हसले. "म्हणजे मी पांढऱ्या पायाची का?"

"ते तू बग बाई. तुमी शिकलेल्या. मी आंगठा लावणारी."

"आकेश यायचा का ह्या दिवसांत?"

"रोज. पोरीला वासराला नळी घालायला शिकवायला. गुणाचं पोरगं. आता काढून टाकणार म्हणं त्याला. कुणी भडवीनं कागुद दिलाय की."

मावशीला ठाऊक नव्हतं. मी बादलीतल्या पाण्याकडं बघत राहिले.

दुपारी पडदा उघडून बसले. दहा दिवसांची रेघ सपाट, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. सगळ्या दहा दिवसांत आकेशचा ठिपका रेणुकाच्या ठिपक्याजवळ. मग आजची सकाळ: रेघ उभी चढलेली. कारण: आकेश काळे, शक्यता चौऱ्याहत्तर टक्के. माझा ठिपका कुठंच नाही. मी तर तिथं होते. तिच्या मागं, हाताच्या अंतरावर.

मग मला कळलं. बर्फाचं पाणी पाठीवरून उतरावं तसं हळूहळू कळलं.

वजनकाट्यावर दूध मोजायचं तर आधी रिकामी बादली ठेवून काटा शून्यावर आणतात. यंत्रालाही भीती मोजायची तर 'भीती नाही' म्हणजे काय ते आधी दाखवावं लागतं. म्हणून सुरुवातीला एका शांत, ओळखीच्या माणसाला सहा आठवडे गायींत ठेवलं. त्या माणसाजवळ गायी जशा असतील ते शून्य धरायचं, आणि त्याचा ठिपका हिशोबातून कायमचा वगळायचा. तो माणूस मी. तेव्हा मी पहिल्या वर्षाची पोरगी होते, गोठ्यात मला कुणाचं भय नव्हतं, माझा कुणाला त्रास नव्हता, म्हणून शून्य बरोबर होतं. पुढं मी ताई झाले. यंत्राला ते कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? मीच.

माझ्यामुळं उठलेली भीती कुणाच्या तरी नावावर पडायलाच हवी होती. शेजारच्या शेडमध्ये आकेश होता.

फवारा सुरू झाला. थेंब इतके बारीक होते की ते खाली येतायत की वर जातायत कळेना. गायी त्यात अर्ध्या दिसत, अर्ध्या नाही. त्या धुक्यातून रेणुका वैरणीचा भारा घेऊन आली. मी तिला हाक मारली. ती आली आणि पुतळीजवळ सरळ उभी राहिली, हात बाजूला. तशी ती नेहमीच उभी राहायची. मला तो आदर वाटायचा.

"रेणुका, रविवारी तू कुणाला फोन करतेस गं?"

"बापूला, ताई."

"मग सोमवारी करायचा ना. फोन तर एरवी सोमवारी मी परत देते."

"बापू मेंढरं घेऊन हिंडतो. सहा दिस माळावर, तिथं रेंज नसती. रविवारी बाजाराच्या गावाला टेकतो, तवाच लागतो."

"आता कुठं आहेत?"

"काय माहीत. पाच रविवार झाले."

"सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही विचारलं नाही ताई." मग घाईघाईनं, "माझंच चुकतं. नावं पाठ व्हायला पायजेत. ताई, रागवू नका, पण मी दाखला काढायचा म्हणते. मला हे जमत नाही."

"काय जमत नाही? जनावरं?"

"जनावरं जमतात."

मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "तू मला भितेस का?"

"नाही ताई," रेणुका म्हणाली. तोंडावर छान हसू होतं. आणि तिच्या खांद्यामागं पुतळीनं मान वर केली आणि वरचा ओठ सावकाश, हिरड्यांच्या वर उचलला.

*

मधुराताई मेसमध्ये भाकरी कुस्करत होती. मी सगळं सांगितलं. ती घास तसाच हातात धरून ऐकत राहिली.

"तू वेडी झालीस का? गाय साक्षीला आणणार?"

"आकेशच्या वेळी चालली की."

"अगं, आपण तिला मारलं का? उपाशी ठेवलं का? फोनच तर ठेवून घेतलास. मी तुझा किती ठेवला होता! मेलीस का तू?"

"मी तेव्हा रोज मोरीत जाऊन रडायचे, ताई."

"मला नाही कधी सांगितलंस."

"तू विचारलं नाहीस."

तिचे डोळे भरले. खोटं नव्हतं ते. कावीळ झाली तेव्हा माझी उलटी तिनं स्वतःच्या ओंजळीत झेललीय. "मग आता माझंही नाव देणार तू? मग माझ्या ताईचं? तिच्याही वरची एक सरकारी दवाखान्यात लागलीय, लग्न ठरलंय तिचं. एकोणीस जणींना फासावर देणार?"

"एका माणसाला काढून टाकतायत गं."

"त्याचं काय," ती पाणी प्यायली. "त्यांना सवय असते."

माझ्या कानशिलात जाळ झाला. कारण तेच मी कागदावर 'घुटमळताना' या शब्दात आधीच लिहिलेलं होतं. तिनं फक्त मोठ्यानं म्हटलं. मला ताट उचलून फेकावंसं वाटलं, आणि फेकायचं तर आधी स्वतःवर.

"जेव," ताई म्हणाली. "नुसतं गप्प बस. काही करूच नको. कागद त्यांचा, यंत्र त्यांचं. गप्प बसल्यानं कुणी मरत नाही."

खरं सांगते, मी एक पूर्ण दिवस गप्प बसले. बुधवारी दुपारपर्यंत. माझ्या बापाची पानटपरी आहे, मी डॉक्टर होणार म्हणून त्यानं टपरीवर आत्ताच पाटी रंगवून घेतलीय. मी स्वतःला सांगत होते, की आकेश हुशार आहे, दुसरीकडं कुठंही लागेल. कुठं? दुसरीकडं म्हणजे कुठं? मला एकही जागा सुचली नाही.

बुधवारी चारच्या सुमारास विण्याच्या शेडमध्ये गेले. आकेश गुडघ्यावर बसला होता, खांद्यापर्यंत हात गायीच्या आत. त्यानं वर पाहिलंही नाही.

"दोरी धर. मी म्हणेन तेव्हाच ओढ. ती कळ देईल तेव्हा."

मी धरली. वासराचे पुढचे खूर बाहेर आले होते, मऊ, पिवळट. शेडच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या आणि त्यात भुसा तरंगत होता. "आता," तो म्हणाला. मी ओढलं. "थांब." थांबले. "आता." असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. मग सगळं एकदम निसटून आलं, चिकट आणि गरम. आकेशनं वासराच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, काडीनं नाकपुडीला गुदगुल्या केल्या. ते शिंकलं.

"कालवड," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसला. मी रडायला लागले आणि तसंच रडत सगळं सांगून टाकलं. शून्य, ठिपका, माझी सही, तो माझा 'घुटमळताना'.

तो हात धूत होता. धूतच राहिला.

"मला वाटलंच, कागद तुझा असणार," तो म्हणाला. "तू तक्रार केलीस त्याचं काही नाही. पोरगी भेदरलेली होती, ते मलाही दिसत होतं. मीच करायला पाहिजे होती. पण मी केली असती तर कुणी घेतली असती?"

"मी उद्या सांगणार आहे."

"सांगशील तर सांग. मला वाईट एका गोष्टीचं वाटतं. एकदा येऊन विचारायचं ना. शेड तीस पावलांवर आहे." त्यानं हात पुसले. "आमच्या पालावर पोलीस येतात तेव्हा त्यांच्याकडं यंत्र नसतं. तरी नाव आमचंच निघतं. मला वाटलं होतं, गाय तरी वेगळं सांगेल."

"गायीनं बरोबरच सांगितलं होतं."

"हो ना," तो म्हणाला. "तिचं कुणी ऐकलं नाही, तुमचं ऐकलं." आणि तो वासरामागून वार पडायची वाट बघत गायीजवळ जाऊन बसला. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. आजतागायत म्हणालेला नाही.

*

समितीत पाच जण होते. डॉ. हंगरगे मध्ये. टोकाला तहसील कचेरीतून आलेल्या बाहेरच्या सदस्य, जाधवर मॅडम, ज्या आतापर्यंतच्या सगळ्या बैठकांत म्हणे फक्त बिस्किटं खाऊन सही करून जात. आकेश दाराशी उभा. त्याला खुर्ची दिली नव्हती.

मी बोलले. नीट नाही बोलता आलं, पण सगळं बोलले. घराणं, नावं, रविवार. माझ्या आधीच्या कुणाचं नाव मी घेतलं नाही. त्या सांगतील तेव्हा सांगतील. मी माझं सांगितलं.

डॉ. हंगरगेंचा चेहरा आईसारखा मायाळू झाला. "बाळ, तू आजारातून उठलीस. त्याला काढणार म्हणून तुला वाईट वाटतंय. ते चांगल्या मनाचं लक्षण आहे. पण चौऱ्याहत्तर टक्के म्हणजे—"

"सर, ते चौऱ्याहत्तर माझे आहेत."

"आणि हे असं तू म्हणालीस तर ही तक्रार होते. लेखी तक्रार. तुला कळतंय का? फलक..."

"काढा मग तो फलक!" मी ओरडले. "अकरा वर्षं पोरी मोरीत रडल्यात आणि तुम्ही बाहेर शून्य रंगवून ठेवलंय! कौसामावशींना शून्य धरा आणि आज पुन्हा मोजा. नवं शून्य कच्चं लावायला वीस मिनिटं लागतात. गोठा समोर आहे. गाय इथंच आहे. चला ना! का भिताय?"

मग जाधवर मॅडमनी बिस्किट बशीत परत ठेवलं.

"चला की," त्या म्हणाल्या. "मी सहा वेळा आले या कॉलेजात, गाय काही कुणी दाखवली नाही."

दुपारची धार चालू होती. नोव्हेंबरचं ऊन तिरकं आत आलं होतं. आम्हाला सगळ्यांना बाहेर थांबवून कौसामावशी वीस मिनिटं गायींत हिंडल्या, पाठीवर हात फिरवत, काहीबाही बोलत. मग रेणुकाला बोलावलं. तिला काय चाललंय ते अर्धवटच कळलं होतं. ती पुतळीच्या कासेशी बसली, सडांना हात लावला, आणि थोड्या वेळानं धार वाजायला लागली, आधी पत्र्यावर किणकिणत, मग दुधात घुमत. जाधवर मॅडम टॅबचा पडदा हातात धरून उभ्या होत्या. आकेशला आत पाठवलं. तो पुतळीच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. धार वाजतच राहिली. रेणुका काहीतरी गुणगुणत होती. रेघ सपाट.

"आता तुम्ही या," मॅडम मला म्हणाल्या.

मी दारात पाऊल टाकलं. मी काही बोलले नाही. हसलेसुद्धा, तिला धीर यावा म्हणून.

गुणगुणणं थांबलं. धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसता सडांवर बोटांचा कोरडा आवाज. पुतळीनं मान वर केली. सगळ्या गोठ्यात एकेक करून जबडे थांबत गेले. चाळीस गायी रवंथ करता करता थांबल्या की काय होतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. ती शांतता माझी होती. माझ्या नावाची.

मॅडमनी पडदा डॉ. हंगरगेंच्या हातात दिला. मग तिथंच, गव्हाणीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, आकेश काळे हे नाव आडवी रेघ मारून खोडलं, वर माझं लिहिलं, आणि सही केली. वर्षभराचं निलंबन, फेरविचार नंतर. आकेशनं आपल्या ड्युटीच्या वहीत पाच वाजताचा हजेरीचा शेरा मारला आणि विण्याच्या शेडकडं निघून गेला. सगळे पांगले. डॉ. हंगरगे काहीतरी पुटपुटत सगळ्यात पुढं.

रेणुका तशीच बसली होती, कासेला हात लावून. मी तिच्याकडं जाणार होते. काय म्हणणार होते कुणास ठाऊक. फोन तिच्या हातात द्यायचा होता, तो मी कौसामावशीकडं दिला.

"मावशी, तिला सांगा—"

"मी काय नाय सांगणार," मावशी म्हणाल्या. "कास तट्ट हाय गायीची. दूध आत ऱ्हायलं तर सड सुजल तिचा. पोरीला धार पुरी करू दे. तू जा भाईर."

मी बाहेर आले. दारापासून दहा पावलांवर थांबले.

"आला का पान्हा, मावशी?"

"न्हाई."

पाण्याच्या हौदापर्यंत गेले. पाणी इतकं निवांत होतं की त्यात आभाळ उलटं झोपलं होतं.

"आला का?"

"आजून न्हाई. लांब जा."

मला वाटलं होतं, मी दिसेनाशी झाले की पुरे. हौदामागून पायवाट वैरणीच्या कडवळात शिरते. डोक्याच्या वर गेलेली हिरवी ताटं, त्यातून गाळून आलेलं ऊन, पानांचा सळसळाट, आणि माझी पावलं मलाच ऐकू येत नव्हती. मी मागं वळून ओरडले, "आला का, मावशी?"

"लांब! आणखी लांब!"

आवाज आता कुणाच्या स्वप्नातून यावा तसा येत होता. मी चालले. पन्नास पावलं. शंभर. पुन्हा ओरडले. काहीतरी उत्तर आलं असेल, पानांनी ते गिळलं. आला असं म्हणाल्या की नाही असं, ते मला कळलं नाही. म्हणून मी थांबले नाही.